बाटली क्रमांक त्र्याण्णव

पंखा बंद कर, तो म्हणाला, वास उडतो.
खिडक्याही लाव.
खालच्या शेंड्यांकडे सुकटीला फोडणी पडली होती.
नोव्हेंबरातल्या सहकारनगरात, संध्याकाळी सात वाजता,
आम्ही दोघं दारं लावून बसलो
चोरीचा माल वाटून घ्यायला बसल्यासारखे.

बूच तुटलं.
अठ्ठावीस वर्षं ती कपाटात, फ्लॅटच्या कागदांशेजारी, उभी होती.
रिटायर झालो की.
मग, मुक्ताचं लग्न झालं की.
मग, बघू पुढच्या वर्षी.
अर्धं बूच हातात, अर्धं बाटलीच्या गळ्यात,
आणि त्याचा चेहरा असा, की जणू मीच मोडलं.
मी चक्क्याचं फडकं आणलं.
"श्रीखंडाचा वास लागेल."
लागू दे, म्हटलं, आणि गाळली.

लेबल अगदी साधं, शाळेच्या वहीवर चिकटवतात तसलं.
ऊर्ध्वपातन एकोणीसशे बहात्तर. पिंप अकराशे सत्त्याऐंशी.
दोनशे चौदा बाटल्यांतली त्र्याण्णवावी.
भट्टीचं नाव कुठेच नाही.
"भट्टी बंद पडली," त्यानं चौथ्यांदा समजावलं,
"ग्लासगोतल्या एका दुकानदारानं एकच पिंप उचललं,
आणि स्वतःच्या नावानं भरलं. रंग नाही, पाणी नाही, जशीच्या तशी."
म्हणजे तुमच्या भोसरीच्या कारखान्यासारखंच की, मी म्हटलं,
कारखाना गेला, तुझं लेथ मशीन तेवढं कुणीतरी नेलं,
अजून चालतंय म्हणतात.
तो हसला नाही.
त्या लेथवर त्याची बावीस वर्षं गेली.

आणि गंमत ही, की प्यायची मी.
त्याला डॉक्टर पळणिटकरांनी थेंबही नाही म्हणून सांगितलंय.
रक्त पातळ करायच्या गोळ्या, यकृताचे ते आकडे.
नाक त्याचं, जीभ माझी.
माझं आजवरचं पिणं म्हणजे बाळंतपणातली ब्रँडी,
तीही चमच्यानं, तीही सासूबाईंनी तोंड फिरवून दिलेली.

"काय लागतंय?"
जळतंय.
"ते सोड. त्याच्यानंतर?"
कानात औषध घालायच्या ड्रॉपरनं त्यानं पाणी सोडलं,
तीन थेंब, मोजून,
माझ्या बीपीच्या गोळ्या मोजतो तसेच ओठ हलवत.
"आता."

आता, थांब.
आयोडीन. गुडघा फुटला की लावायचे ते.
मग विझलेली चूल. नाही, चूल नव्हे, बंब.
बंबाखालची ओली राख.
तिच्यावर मोरावळा, बरणीच्या तळाशी साखर धरलेला.
"अजून?"
काडेपेटीची कड.
"अजून?"
मीठ. ते कुठून आलं कळत नाही.
"समुद्र," तो हळूच म्हणाला. "भट्टी किनाऱ्यावर होती."
मला तो समुद्र माहीत नाही.
हर्णैला वाळत घातलेली जाळी माहीत आहेत. तसं काहीतरी.

तो लिहीत होता, कारखान्याच्या जुन्या डायरीत,
जिच्यात मायक्रॉनमधली मापं आहेत.
"बंबाची राख, ओली." खाली रेघ मारली, पट्टीनं.
बेचाळीस वर्षांच्या संसारात
"अजून?" असं त्यानं मला कधी इतक्यांदा विचारलं नव्हतं.

पिंपातली थोडी दरवर्षी हवेत जाते, म्हणाला.
तिकडचे लोक म्हणतात, देवदूतांचा वाटा.
मी बोट बुडवलं
आणि ग्लासाशेजारी, सनमायकावर, चार थेंब ठेवले.
तुझे वडील चित्राहुती घालायचे ना, तसे.
यातलं उडेल ते तुझं, म्हटलं.
तो वाकला.
खाली कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली,
तो वाकलेलाच.

रविवारी चक्का बांधायचाय.
फडकं अजून त्याच्या उशीखाली आहे.